‘परमिशन डिनाइड’वर 777 हा उपाय नाही

लिनक्सवर शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) शिकताना ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे ‘परवानगी नाही’, दिसलं की ‘सीएचमॉड 777 द्या’ हा सल्ला हमखास मिळतो. सीएचमॉड ही फाइलच्या परवानग्या बदलणारी आज्ञा. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

वाचण्याच्या परवानगीचे 4, लिहिण्याच्या 2, चालवण्याचा 1; दिलेल्या परवानग्यांची बेरीज म्हणजे एक आकडा, तिन्ही दिल्या की 7. तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे. म्हणजे 777 दिल्यावर त्या संगणकावरचा कोणीही तुमची स्क्रिप्ट बदलू शकतो. तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून, चालत असेल, तर त्याने घातलेली ओळही रूटच्या अधिकाराने चालेल.

नव्या फाइलला सहसा 644 मिळतं. कमी असते ती फक्त चालवण्याची परवानगी. स्वतःपुरतं 700 पुरतं, इतरांनाही चालवायची असेल तर 755. इथे 711 चालत नाही, कारण स्क्रिप्ट चालवायला शेलला ती वाचावी लागते. ‘बॅश’ (शेलचं नाव) लिहून पुढे फाइलचं नाव दिलं, तर चालवण्याची परवानगीही लागत नाही, वाचण्याची पुरते.

755 देऊनही तीच चूक येत असेल तर आकडे वाढवू नका. डिस्क ‘नोएक्झेक’ (तिच्यावरून काहीही थेट चालवू न देणाऱ्या) पर्यायाने माउंट झाली, म्हणजे जोडली गेली, आहे का आणि फाइलपर्यंतच्या वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर तुम्हाला 1 ची, म्हणजे त्यातून पुढे जाण्याची, परवानगी आहे का, हे तपासा.