हौद्यात बसतो तो आणि हौद्यावर बसतो तो

"कॅम्पर घेतोय" असं मी डेन्व्हरहून फोनवर आईला सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर महिंद्राची बोलेरो कॅम्पर आली. पुढे माणसं, मागे हौदा, हौद्यात कांद्याची पोती. "त्यात झोपणार कुठे तुम्ही?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. बोलेरोच्या नावात कॅम्पर असलं तरी ती डबल कॅबची पिकअपच. इकडे अमेरिकेत ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपला जोडायची छोटी खोली. आईला ते पटकन कळलं. मला मात्र त्या खोलीचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, हे कळायला सहा महिने लागले.

घोळ होतो तो फोटोंमुळे. युटातल्या मोआबच्या आसपास सरकारी मोकळ्या जमिनीवर संध्याकाळी दोन टॅकोमा, म्हणजे टोयोटाच्या मध्यम आकाराच्या पिकअप, शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोघींची छपरं वर उचललेली, छपराखाली कापडाच्या भिंती, आत पिवळा दिवा. लांबून बघणारा म्हणेल, एकच वस्तू, रंग तेवढा वेगळा. त्यांतला एक असतो स्लाइड-इन पॉप-अप (पॉप-अप म्हणजे छप्पर वर उचलता येणारा) आणि दुसरा टॉपर कॅम्पर. त्यातून कॅलिफोर्नियातली फोर व्हील कॅम्पर्ससारखी १९७२ पासूनची कंपनी दोन्ही प्रकार बनवते. तिचा फ्लीट हा स्लाइड-इन आणि प्रोजेक्ट एम हा टॉपर. नाव एका घराण्याचं, छप्परही सारखंच वर जाणारं, मग नवख्याचं डोकं फिरलं तर नवल नाही.

ओळखायचं असेल तर गाडीच्या मागे जा आणि फाळका बघा. फाळका काढून टाकलेला असेल आणि त्या जागी घराला असतं तसं उभं दार असेल, तर तो स्लाइड-इन. फाळका जागच्या जागी असेल आणि त्याच्यावर वर उघडणारी झडप असेल, तर तो टॉपर.

स्लाइड-इन ही पूर्ण पेटी असते. तिला स्वतःचा तळ, स्वतःच्या भिंती. ती हौद्यात सरकवतात आणि चार कोपऱ्यांना साखळ्यांनी किंवा पिळाच्या कड्यांनी आवळतात. आत दोन शेगड्या, बेसिन, फ्रिज, गॅसवरचा हीटर, बसायचं बाकडं, साधारण २० गॅलनची पाण्याची टाकी. पलंग केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला. टॉपरला तळच नसतो. तो हौद्याच्या कडांवर चिमट्यांनी घट्ट बसवलेला डबा आहे, जमीन म्हणून तुमचा स्वतःचा हौदा वापरायचा. मोंटानातल्या गो फास्ट कॅम्पर्ससारख्यांचं छप्पर पुढे बिजागरीवर आणि मागून उघडणारं, ट्रंकेच्या झाकणासारखं. उभं राहायची उंची फाळक्याजवळ मिळते, पुढे सरकलात की डोकं आपटतं. आत काही नसतं. शेगडी, फ्रिज, पाणी हे सगळं तुम्ही आणाल तसं.

आता 'शॉर्ट बेड', म्हणजे आखूड हौदा, या शब्दाकडे वळू, कारण हाही कमी फसवा नाही. टॅकोमाचा शॉर्ट बेड म्हणजे पाच फूट. फोर्ड एफ-१५०चा साडेपाच. पण त्याच फोर्डच्या एफ-२५० या थोरल्या भावाचा पावणेसात फुटी हौदाही शॉर्ट बेडच म्हणवतो. म्हणून जाहिरातीत 'शॉर्ट बेडसाठी' असं वाचून हुरळून जाऊ नका, टेप घेऊन मोजा. लांबी मोजाच, पण आत चाकांवर आलेल्या दोन उंचवट्यांमधलं अंतरही मोजा. मोठ्या पिकअपमध्ये तिथे चार फुटी प्लायवूड सपाट बसतं, मध्यम पिकअपमध्ये बसत नाही, आणि स्लाइड-इनची पेटी त्या खाचेतच उतरवायची असते. टॉपरला उंचवट्यांचं काही सोयरसुतक नाही, त्याला फक्त कडा लागतात. मात्र तो त्या गाडीच्या त्या सालच्या हौद्यापुरताच बेतलेला असतो. गाडी बदलली तर टॉपर बहुतेक विकावा लागतो.

खरी गोष्ट वजनाची आहे, आणि इथेच आम्ही पहिली चूक केली. शोरूममध्ये सांगितलं गेलं की आमची टॅकोमा ६,४०० पौंड ओढते. सुमारे २,९०० किलो! मग हजार पौंडांच्या पेटीचं काय घेऊन बसलात? पण ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. ओढलेल्या ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, गाडीच्या पाठीवर येतो तो त्याचा थोडा भाग. कॅम्पर सगळाच्या सगळा पाठीवर बसतो. बैल भरली गाडी ओढतो म्हणून ती गाडी कोणी त्याच्या पाठीवर ठेवत नाही.

वाहण्याचा आकडा जाहिरातीत शोधू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा आकडा तुमच्या त्या एका गाडीचा. शेजाऱ्याची गाडी तीच, साल तेच, पण सनरूफ आणि चामड्याच्या सीट जास्त, तर त्याचा आकडा कमी. एफ-१५०मध्ये तर एका प्रकारातून दुसऱ्यात हजार पौंडांहून जास्त फरक पडतो. आमच्या लेबलावर १,१२० पौंड होते, म्हणजे ५०८ किलो.

पेट्रोलची भरलेली टाकी या आकड्याच्या बाहेर, ती कंपनीने आधीच धरलेली असते. माणसं मात्र आत धरायची, ड्रायव्हरसकट. आम्ही दोघं मिळून ३०५ पौंड. (यातले किती कोणाचे हे मी सांगणार नाही.) उरले ८१५. आम्हाला आवडलेल्या स्लाइड-इनचं वजन माहितीपत्रकात १,०५० पौंड होतं. म्हणजे पाण्याचा थेंबही न भरता आम्ही २३५ पौंडांनी बाहेर. त्यात तो १,०५० आकडा 'कोरड्या' वजनाचा. पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही, वरून घ्यायच्या सोयी नाहीत. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, २० गॅलनचे झाले १६७. वीस पौंडी गॅसची टाकी भरून साधारण ३७. बॅटरी ६०, बाहेरचा छत्रीवजा पडदा ४०, कपडेलत्ते आणि खाणंपिणं २०० धरलं तर कॅम्पर १,५५४ वर पोचतो. माणसं मिळवून १,८५९. लेबलापेक्षा ७३९ पौंड जास्त.

तोच हिशोब टॉपरचा करून बघू. आम्ही बघितलेला डबा सुमारे ३०० पौंडांचा. ८१५ मधून ते गेले, ५१५ राहिले. दहा गॅलन पाण्याचे ८३ गेले, ४३२. शेगडी, छोटा फ्रिज, अंथरूण, डबे मिळून २५० धरले तरी १८२ शिल्लक.

यावर नेहमी एक उत्तर ऐकू येतं: मागे पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवा, गाडी बसत नाही. गाडी बसत नाही हे खरं. पण पिशवीने गाडीची मागची बाजू उचलली जाते, लेबलावरचा आकडा उचलला जात नाही. ब्रेक तेच, धुरा तीच, टायर तेच. आणि हो, बरेच जण मध्यम टॅकोमावर भरलेला स्लाइड-इन वर्षानुवर्षं चालवतात, हेही मला माहीत आहे. चालवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कोलोरॅडोत लव्हलँड खिंडीच्या उतारावर मला ते जमणार नाही, एवढंच.

वजनाइतकीच महत्त्वाची ते वजन कुठे बसतं ही गोष्ट, आणि ती समजायला इंग्रजी माहितीपत्रकापेक्षा माझ्या आजोबांची बैलगाडी जास्त उपयोगी पडली. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरला की बैलांच्या मानेवर भार येतो. पिकअपचंही तेच. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या धुरेच्या थोडा पुढे पडला पाहिजे. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. पाच फुटी हौद्यात धुरेच्या पुढे जागाच थोडी, आणि लांब स्लाइड-इन मागे लोंबतो. म्हणून स्लाइड-इनवर त्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे दाखवलेलं असतं आणि गाडीच्या कागदपत्रांत तो कुठे पडायला हवा हे दिलेलं असतं. घेण्याआधी या दोन कागदांची गाठ घालून द्या. टॉपर हलका, आणि त्याचा भार हौद्याच्या सगळ्या कडांवर वाटला जातो, त्यामुळे हा प्रश्न तितका छळत नाही. पाण्याचा कॅन तेवढा केबिनला चिकटून ठेवायचा.

बांधण्याचंही सांगते. स्लाइड-इन आवळायचा तर कडी गाडीच्या चासीला जोडलेल्या आधारात अडकवणं उत्तम. टॅकोमाचा हौदा २००५ पासून पत्र्याचा नाही, कंपोझिटचा आहे. त्यात नुसती हुकं मारून खडबडीत रस्त्यावर ती ओढ सहन होईल असं समजू नये, खाली लोखंडी पट्ट्या घालाव्या लागतात.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट उतरवण्याची. मी धरून चालले होते की हलका तो काढता-घालता येणारा आणि जड तो कायमचा. घडतं नेमकं उलटं. स्लाइड-इनला चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. पिळं सोडायची, वायर काढायची, जॅकवर उचलायचा आणि गाडी खालून पुढे काढायची. एकटं माणूस करू शकतं. कॅम्पच्या जागेवर पेटी ठेवून गाडी घेऊन फिरायला जाणारेही असतात. तीनशे पौंडांच्या टॉपरला मात्र पाय नाहीत. त्याला उचलायला चार तगडी माणसं हवीत किंवा गॅरेजच्या छताला कप्पी. आम्ही आमचा दोन वर्षांत एकदाही काढलेला नाही. पण काढायची वेळही आलेली नाही, कारण फाळका आणि हौदा आहे तिथेच आहे. सोमवारी त्याच गाडीतून खताच्या गोण्या आणि सायकली जातात. फाळक्यातला मागचा कॅमेराही टिकला. स्लाइड-इनसाठी फाळका काढला की त्यात बसवलेला कॅमेराही जातो.

राहण्याच्या सुखात मात्र स्लाइड-इन पुढे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पावसात त्यात दार लावून बसता येतं, बाकड्यावर चहा पिता येतो. टॉपरमध्ये पाऊस लागला की सगळा खेळ झडपेखाली. उघड्या हवेत मात्र पाडलेला फाळका म्हणजे कंबरेच्या उंचीचा ओटा. माझे पोहे तिथेच होतात, फोडणीचा धूर थेट युटाच्या आकाशात. मैत्रिणीच्या स्लाइड-इनमध्ये मी एकदा लसणीची फोडणी दिली होती, तो वास कापडी भिंतींत पुढच्या गावापर्यंत आमच्याबरोबर आला. पण फाळक्याच्या फटी हा टॉपरचा रोग आहे. पहिल्या सहलीत पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर लाल धुळीचा थर बसला होता, बोटाने नाव लिहावं इतका. फाळक्याच्या चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली तेव्हा तो बराच कमी झाला.

थंडीच्या बाबतीत दोघेही लंगडे. कापडाची भिंत ती कापडाचीच, सकाळी आतून दव धरणारच. स्लाइड-इनमध्ये निदान हीटर बसवूनच येतो. टॉपरमध्ये तो तुम्ही घालायचा, आणि घातलात तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घातल्याशिवाय झोपू नका.

आणि अस्वलांच्या हिशेबी या दोघांत काहीच फरक नाही. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कमध्ये (मुक्कामी गाड्यांच्या तळावर) फक्त कडक भिंतींच्या गाड्यांना रात्रीचा मुक्काम करता येतो, कारण तो ग्रिझलींचा वावर असलेला भाग. कापड दिसलं की तुम्ही तंबूवाले. तिथे राहायचंच असेल तर पॉप-अप सोडून संपूर्ण कडक पेटी बघावी लागेल. लान्स कंपनीची ६५० ही एफ-१५०सारख्या हाफ-टन पिकअपच्या छोट्या हौद्यासाठी बेतलेली आहे, पण तीही कोरडी सतराशे पौंडांच्या घरात जाते. पुन्हा दार उघडून लेबल वाचायचं.

एवढं सगळं पाहून आम्ही टॉपर घेतला. आमच्याकडे एफ-२५० असती तर मी स्लाइड-इन घेतला असता आणि दोनदा विचारही केला नसता. गाडी आधीच दारात उभी असेल तर निवड कॅम्परची नसतेच, त्या लेबलाची असते.

टॉपर भरून पहिल्या सहलीला निघालो त्या दिवशी हमरस्त्यावरच्या ट्रक थांब्यावर कॅट स्केलवर गेलो. हा मोठ्या ट्रकांचा वजनकाटा. पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या फळीवर, आणि दोन्हींचं वेगळं वजन छापलेली चिठ्ठी मिळते. अठरा चाकी ट्रकांच्या रांगेत आमची टॅकोमा खेळण्यासारखी दिसत होती. चिठ्ठीवर आलं: पुढे २,६२०, मागे २,८४०, एकूण ५,४६०. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ५,६००. हिशोबाप्रमाणे १८२ पौंड उरायला हवे होते, उरले १४०. ते ४२ पौंड कुठे गेले म्हणून मी तिथेच झडप उघडली. नवऱ्याची पान्यांची पेटी होती, बिडाचा तवा होता, आणि त्याखाली न सांगता घेतलेलं पाच किलोचं तांदळाचं पोतं.