मनगटात दबलेली नस : शवविच्छेदनापासून सोनोग्राफीपर्यंत

रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर. करंगळी मात्र ठणठणीत. हा कार्पल टनेल सिंड्रोम : मनगटातल्या अरुंद बोगद्यात (कार्पल टनेल) अंगठ्याकडच्या बोटांना संवेदना देणारी मीडियन नस दबते. बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी १८८० मध्ये अशा ३७ रुग्णांची नोंद केली होती, पण नस नेमकी कुठे दबते हे तेव्हा उमगलं नव्हतं.

ते दिसलं १९१३ मध्ये, पॅरिसमध्ये, तेही रुग्ण गेल्यावर. पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी ८० वर्षांच्या एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं. दोन्ही अंगठ्यांखालचे उंचवटे झडून सपाट झालेले. मनगटावरच्या आडव्या पट्ट्याच्या (अस्थिबंधाच्या) अलीकडे मीडियन नस गाठीसारखी फुगलेली, पट्ट्याखाली बारीक झालेली. वेळेत हा पट्टा कापला तर हात वाचेल, असंही त्यांनी सुचवलं. पण पुढची कित्येक वर्षं डॉक्टर दोष मानेतल्या जादा बरगडीत शोधत राहिले! कार्पल टनेलची शस्त्रक्रिया रुळली ती १९४७ नंतर, ब्रेन, राइट आणि विल्किन्सन यांच्या लेखामुळे आणि मग अमेरिकेतल्या जॉर्ज फेलन यांच्यामुळे.

निदानाला १९५६ पासून विजेचा आधार मिळाला. मनगटापाशी संदेश रेंगाळतो, हे सिम्पसन यांनी दाखवलं. आजही ‘एनसीव्ही’वरच (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) भिस्त असते, आणि ती चुकीची नाही. फक्त ही तपासणी नसेचं काम किती बिघडलंय ते सांगते. नस कशी दिसते, आत एखादी गाठ आहे का, हे सांगत नाही.

ते सांगते सोनोग्राफी. पण पोटाच्या सोनोग्राफीची कमी फ्रिक्वेन्सी इथे कुचकामी, कारण नस कातडीखाली जेमतेम काही मिलिमीटरवर असते. जास्त फ्रिक्वेन्सीचे प्रोब आल्यावर फोर्नाज यांनी १९८८ मध्ये हातापायांच्या नसांची चित्रं छापली. १९९१ मध्ये इन्सब्रुकच्या बुखबर्गर यांच्या गटाने कार्पल टनेल तपासलं, तेव्हा पट्ट्याच्या अलीकडे नस फुगलेली आणि पुढे चपटी झालेली आढळली. मारी-फ्वांनी टेबलावर पाहिलं, तेच आता जिवंत हातात.

आता बसल्या बसल्या तपासणी होते. मनगटाच्या घडीवर थंडगार जेल, त्यावर प्रोब. आडव्या छेदात नस मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची दिसते. बोटं हलवायला सांगितली की स्नायुबंध सरसर सरकतात, नस फारशी हलत नाही. ओळख पटते ती तिथेच. मग तिच्या कडेने रेघ ओढून क्षेत्रफळ काढतात. साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की शंका घ्यायची. मात्र ही मर्यादा सगळीकडे एक नाही, म्हणून काही जण त्याच हाताच्या कोपराखालच्या नसेशी तुलना करतात. मला ते जास्त पटतं. माणूस स्वतःशीच ताडला जातो.

आपल्याकडे याला एक वेगळंच शेपूट आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र, भले मनगटं बघायला घेतलेलं असो, नोंदणीच्या फेऱ्यातून सुटत नाही.