सांध्यातली कॉर्टिसोनची इंजेक्शनं आणि ती वारंवार घेतल्याचे परिणाम

दुखऱ्या सांध्यात सुईने थेट सोडलेलं स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसोनचं इंजेक्शन. आपल्याकडे कोणी नुसतं 'गुडघ्यातलं इंजेक्शन' म्हणतं, कोणी 'स्टिरॉइड मारून घेतलं' म्हणतं, आणि वंगणाचं म्हणून जे इंजेक्शन मिळतं (हायलुरोनिक ॲसिडचं) त्याच्याशी तर याची सर्रास गल्लत होते. ती दोन पूर्ण वेगळी औषधं आहेत. गंमत म्हणजे आजच्या 'कॉर्टिसोनच्या' इंजेक्शनात कॉर्टिसोन नसतंच, असतं ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन, आपल्या मेडिकलमध्ये केनाकोर्ट किंवा डेपो-मेड्रॉल या नावाने मिळणारं, साधारण ४० मिलिग्रॅमचा डोस. बाटली हलवली की दुधासारखं पांढुरकं दिसतं, कारण औषध विरघळलेलं नसतं, बारीक कण तरंगत असतात आणि ते कण सांध्यात बसून हळूहळू काम करत राहतात. बऱ्याचदा सोबत भूल देणारं औषधही असतं, म्हणून माणूस टेबलावरून उतरतानाच म्हणतो की अरे दुखायचं थांबलं! तो असर भुलीचा असतो, दोन-चार तासांत उतरतो, आणि खरं स्टिरॉइड दोन-तीन दिवसांनी कामाला लागतं. मधल्या काळात काहींना उलट जास्तच ठणकतं, तेव्हा घाबरून फोन येतात.

या औषधाची सुरुवात जादूसारखीच झाली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि त्या काही दिवसांत चालायला लागल्या. १९५० चं नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशस्टाइन या तिघांना मिळालं. पण मग महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांचे चेहरे सुजायला लागले, हाडं ठिसूळ व्हायला लागली, आणि लक्षात आलं की हे पूर्ण शरीरात सोडणं महाग पडतं. तेव्हा जिथे दुखतंय तिथेच द्यावं असा विचार पुढे आला, आणि १९५१ मध्ये फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचा अनुभव छापला. त्यानंतर दहा वर्षंही झाली नाहीत तोच १९५९ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी लिहिलं की वारंवार हायड्रोकॉर्टिसोन दिलेला सांधा पार उद्ध्वस्त झालेला दिसला, म्हणजे धोक्याची घंटा काही आज वाजलेली नाही.

आता नेमकं होतं काय ते बघू. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते (कार्टिलेज, आपले लोक 'गादी झिजली' म्हणतात ती हीच) तिला रक्तवाहिन्या नसतात आणि दुखणं कळवणाऱ्या नसाही नसतात. त्यातल्या पेशी आजूबाजूचं कोलाजन आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्यं सतत बनवत असतात. स्टिरॉइड सूज आटोक्यात आणतं, ते त्याचं कामच आहे, पण सोबत या पेशींचं बनवण्याचं कामही मंदावतं, आणि डोस जास्त किंवा वारंवार असेल तर पेशी मरतातही. सोबतच्या भुलीच्या औषधाचाही या पेशींना त्रास होतो असं प्रयोगशाळेत दिसलंय. गादीला नसाच नसल्यामुळे ती झिजताना दुखत नाही, आणि जे आजूबाजूला दुखतं तेही इंजेक्शनने गप्प झालेलं असतं, मग माणूस खूश होऊन जिने चढतो, पालखीसोबत चालतो, तोच गुडघा दामटतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे, आराम खरा असतो पण सांधा बरा झालेला नसतो.

हे मोजूनही झालंय. २०१७ मध्ये अमेरिकेत गुडघेदुखीच्या १४० जणांना दोन गटांत विभागून २ वर्षं दर १२ आठवड्यांनी इंजेक्शन दिलं, अर्ध्यांना ४० मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅमसिनोलोन आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन. एमआरआयवर स्टिरॉइडवाल्यांची गादी सरासरी ०.२१ मिलिमीटर कमी झाली, सलाइनवाल्यांची ०.१०. आकडा छोटा वाटतो, पण गादी मुळातच काही मिलिमीटर जाड असते. आणि २ वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच नव्हता. दुसऱ्या बाजूने सांगायचं तर २००३ मध्ये ६८ जणांवर असाच २ वर्षांचा अभ्यास झाला होता, दर ३ महिन्यांनी इंजेक्शन, आणि एक्स-रेवर सांध्यातली फट कमी झालेली दिसली नव्हती. एक्स-रेला गादी दिसत नाही, फक्त मधली फट दिसते, त्यामुळे बारीक फरक त्यातून निसटू शकतो.

खुब्याचं प्रकरण जास्त गंभीर आहे. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये छापलं की एका वर्षात खुब्यात किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ जणांपैकी ३६ जणांमध्ये, म्हणजे ८ टक्के, नंतर सांध्यात बिघाड दिसला: झीज एकदम वाढणं, गादीखालच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर, हाडाचा भाग मरणं, किंवा पूर्ण सांधाच झपाट्याने ढासळणं. यात तुलनेला इंजेक्शन न घेतलेला गट नव्हता, त्यामुळे सगळं खापर सुईवर फोडता येत नाही, सांधे आधीच खराब असू शकतात. हाड मरण्याला एव्हीएन म्हणतात, कोविडनंतर हा शब्द आपल्याकडे बऱ्याच घरांत ऐकू आला, पण तिथे कारण तोंडावाटे किंवा सलाइनमधून दिलेलं स्टिरॉइड होतं.

सांध्याबाहेरचे परिणाम लोकांना कमी माहीत असतात. डायबेटिस असेल तर इंजेक्शननंतर दोन-चार दिवस, कधी आठवडाभर साखर चढते, रोज १४० दाखवणारं मशीन एकदम २८० दाखवतं आणि घरचे विचारतात काय खाल्लंस, त्या बिचाऱ्या माणसाने काही खाल्लेलं नसतं. मनगटाशी किंवा कोपराला दिलं तर त्या जागची कातडी पांढरी पडू शकते, खालची चरबी विरघळून खळगा पडू शकतो. सावळ्या कातडीवर हा डाग उठून दिसतो आणि लोक कोड समजून घाबरतात. तो कोड नसतो, बहुतेक वेळा काही महिन्यांत रंग परततो. जंतुसंसर्ग क्वचितच, हजारोंमध्ये एखाद्याला, पण झाला तर स्टिरॉइडमुळे ताप-लाली दबलेली राहू शकते, म्हणून दोन-तीन दिवसांनंतरही सांधा गरम आणि वाढत्या सुजेचा असेल तर घरी शेक देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. शिवाय थोडं औषध रक्तात जातंच, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीर आपणच बनवतं ते स्टिरॉइड) काही आठवडे दबलेलं राहू शकतं. एकाच वेळी खांदा, गुडघा, पाठ असं वेगवेगळ्या डॉक्टरांकडून घेतलं की बेरीज कोणाच्याच लक्षात येत नाही.

स्नायूबंधांचं (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचं) गणित वेगळं. टेनिस एल्बोमध्ये, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, पहिले काही आठवडे मस्त वाटतं, पण वर्षभराने इंजेक्शनवाले न घेतलेल्यांपेक्षा मागे पडलेले दिसले, दुखणं परत येण्याचं प्रमाणही त्यांच्यात बरंच जास्त. टाचेमागच्या जाड अ‍ॅकिलीस बंधात तर बहुतेक डॉक्टर सुई घालायलाच तयार नसतात, तो तुटू शकतो.

मग घेऊच नये का? तसंही नाही. खांदा आखडतो त्या फ्रोझन शोल्डरमध्ये सुरुवातीच्या काळात आणि बोट अडकतं त्या ट्रिगर फिंगरमध्ये याचा चांगला उपयोग होतो, आमवातासारख्या संधिवातात सूज स्वतःच सांधा खात असते तेव्हा ती विझवणं फायद्याचंच. झिजलेल्या गुडघ्यात मात्र आराम बहुधा काही आठवड्यांचाच. 'एका सांध्यात वर्षाला तीन-चार, मध्ये ३ महिने' हा जो नियम सगळे सांगतात तो मुख्यतः सवयीने ठरलाय, प्रयोगाने नाही. २०२० मध्ये १५६ जणांना गुडघ्यासाठी इंजेक्शन किंवा फिजिओथेरपी देऊन पाहिलं तर वर्षाअखेर फिजिओवाल्यांचं दुखणं आणि हालचाल, दोन्ही जास्त सुधारलेलं होतं. पण त्यात महिनाभर फेऱ्या मारायच्या, घरी व्यायाम करायचा, आणि सुईला दहा मिनिटं लागतात, त्यामुळे ओपीडीत कोण जिंकतं ते सांगायला नको.

एक बाब ऑपरेशनवाल्यांसाठी. गुडघा बदलायचा ठरला असेल तर त्याआधीच्या ३ महिन्यांत घेतलेल्या इंजेक्शनमुळे ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून सर्जन तारीख पुढे ढकलतात. तेव्हा ते विचारतात शेवटचं कधी घेतलं, कोणत्या पायात, कोणतं औषध, आणि बहुतेकांना फक्त एवढंच आठवतं की 'दिवाळीच्या आसपास, पांढरं होतं'.