हप्त्याचा वार आणि चित्राचा हात : वेबकॉमिकमागची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातला कोणी तरुण चित्रकार मोबाइलवर वाचायची चित्रकथा, म्हणजे वेबकॉमिक, काढायला बसला, की तिसऱ्या-चौथ्या हप्त्यापाशी त्याच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पान मनासारखे उतरेपर्यंत हातातून सोडायचे नाही, की ठरलेल्या वारी जसे झाले असेल तसे टाकून मोकळे व्हायचे? हा प्रश्न बहुधा स्वभावाचा मानला जातो. एकाला चेंगट म्हणतात, दुसऱ्याला उरकणारा. चित्रमालिकांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र या प्रश्नाचे उत्तर चित्रकाराने स्वतः दिल्याचे प्रसंग फार थोडे सापडतात. पैसे कोण देतो आणि ते कोणत्या मापाने मोजून देतो, यावरच हे उत्तर ठरत आले आहे.

सुरुवात वर्तमानपत्रापासून झाली. अमेरिकेत विन्सर मॅके याची ‘लिटल नेमो’ १९०५ पासून न्यूयॉर्क हेरल्डच्या रविवार पुरवणीत पूर्ण पानभर रंगीत छापली जाई आणि त्यातल्या इमारती, जिने, कमानी आजही थक्क करतात. हे जमले याचे कारण हप्ता आठवड्याचा होता आणि जागा अख्ख्या पानाची होती. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलमध्ये बड फिशरची ‘ए. मट’ ही चित्रपट्टी रोज येऊ लागली. रोज म्हटल्यावर कमानी आणि जिने गेले. उरल्या दोन-तीन आकृत्या, थोडी जमीन आणि संवादांचे फुगे. दैनिकाचा मालक रोजच्या अंकाचे पैसे मोजत होता, म्हणून रेषाही रोजच्या अंकाला पुरेल इतकीच झाली. याला कोणी दर्जा घसरणे म्हणेल, पण त्या आटोपशीर रेषेतूनच चित्रपट्टीची स्वतंत्र भाषा घडली हे विसरता येत नाही.

चार्ल्स शुल्झ यांनी ‘पीनट्स’ १९५० ते २००० या काळात, मदतनीस न घेता, १७,८९७ पट्ट्यांपर्यंत नेली आणि एवढ्या काळात १९९७ मधली पाच आठवड्यांची एकच सुट्टी घेतली. गोल डोके, थोडे केस, मागे एखादी भिंत एवढ्या सामग्रीवर पन्नास वर्षे निघाली, कारण ती सामग्रीच रोजच्या कामाच्या मापाने निवडलेली होती. आपल्याकडे म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून रोजच्या अंकात दिसू लागला, आणि १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला. आज चाळिशीत असलेल्या मराठी वाचकाला ‘रोज येणारी चित्रकथा’ म्हटले की चिंटूच आठवतो. त्या पट्टीत पात्रांचे कपडे आणि घराची मांडणी सहसा बदलत नाही. चित्रकाराने जुळणी एकदा करून ठेवली आहे आणि रोज फक्त विनोद नवा आहे.

उलट बाजूने भांडणाराही एक झाला. बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्स’ या मालिकेची रविवारची पट्टी वर्तमानपत्रे आपल्या सोयीने कापून, चौकटी गाळून छापत असत. १९९२ पासून त्यांनी ती न तोडता छापण्याची अट मान्य करून घेतली. १९९१ आणि १९९४ मध्ये दीर्घ रजा घेतल्या आणि १९९५ अखेर मालिका बंद केली. मालिका प्रचंड लोकप्रिय असल्यामुळेच त्यांना हे जमले. नव्या चित्रकाराने तशी अट घातली असती, तर संपादकाने दुसरा चित्रकार पाहिला असता.

मराठीत दुसरे एक वेळापत्रक आधीपासून होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, आणि त्यानंतर मराठी चित्रकाराला वर्षातून एकदा, पण मोठ्या आणि रंगीत कामाची बाजारपेठ मिळाली. या बाजारपेठेचा सर्वांत मोठा मानकरी आपल्याच भागातला आहे. शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ चा, निपाणीजवळच्या भोज गावातला. ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठे पाहिली, तर चित्राखाली एक शब्द नाही, फुगा नाही, सपाट स्वच्छ रंग आहेत आणि सगळा विनोद रचनेत आहे. असे चित्र रोज काढता येत नाही आणि ते रोज काढावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. प्रकाशक वर्षभराच्या अंकाचा चेहरा म्हणून त्याचे पैसे देत होता. बेळगाव शहरातल्या रवी परांजपे यांचेही नाव इथे घ्यायला हवे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली घडलेल्या या चित्रकाराने पुढे बोधचित्रे आणि जाहिरातींचे अमाप काम केले आणि आपल्या आत्मकथनाला ‘ब्रश मायलेज’ असे नाव दिले. गाडी जशी किलोमीटरने मोजावी तसा कुंचला मोजायचा, ही कल्पना मला वेगाच्या बाजूची वाटते : पुष्कळ काढल्याशिवाय हात बसत नाही. म्हणजे एकाच जिल्ह्याने मराठीला नेमके थांबून काढणारा चित्रकार दिला आणि अखंड काढणाराही दिला.

जपानने या दोन्हींच्या मधला, आणि बहुधा सर्वांत निर्दय, मार्ग काढला. १९५९ मध्ये तिथे मुलांसाठी ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिके एकाच महिन्यात सुरू झाली. आठवड्याला सुमारे वीस पाने, तीही दिवाळी अंकाच्या तोडीची, हे एका माणसाचे काम नव्हे. म्हणून मदतनिसांची पद्धत रूढ झाली, ज्यात मुख्य चित्रकार पात्रे काढतो आणि पार्श्वभूमी, छटा, वेगरेषा इतर हात भरतात. तरीही ताण लपत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘हंटर एक्स हंटर’चे चित्रकार योशिहिरो तोगाशी यांची काही पाने साप्ताहिकात जवळजवळ कच्च्या रेखाटनाच्या अवस्थेत छापली गेली आणि पुस्तक काढताना ती नीट करण्यात आली. पुढे मालिका वारंवार थांबत राहिली. वार पाळायचा आणि दर्जा नंतर भरून काढायचा, ही आजच्या अनेक वेबकॉमिकवाल्यांची युक्ती तिथे कागदावरच होऊन गेली आहे.

इंटरनेट आले तेव्हा खरे तर हप्त्याची गरजच संपायला हवी होती. छपाईची वेळ नाही, पुरवणीचा वार नाही, पानाचा आकारही ठरलेला नाही. डेव्हिड फार्ली यांचे ‘डॉक्टर फन’ १९९३ मध्ये वेबवर आले आणि १९९७ मध्ये पीट एब्रम्स यांचे ‘स्लगी फ्रीलान्स’ सुरू झाले. दोघांनीही वर्तमानपत्राचाच कित्ता गिरवला. सवय हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे असे, की पुढे वेबवरचे उत्पन्न बहुधा जाहिरातीतून येऊ लागले आणि जाहिरात पान किती वेळा उघडले यावर मोजली जायची. रोज नवे चित्र असेल तरच वाचक रोज पान उघडणार. दैनिकाचा मालक गेला, पण त्याचे माप तसेच राहिले. हॉवर्ड टेलर यांनी ‘श्लॉक मर्सिनरी’ जून २००० पासून जुलै २०२० पर्यंत एकही दिवस न चुकवता चालवली, आणि तिच्या सुरुवातीच्या व शेवटच्या चित्रांतला फरक पाहिला की परांजपे यांचा तो शब्द पुन्हा आठवतो.

या मापाला दोन धूर्त उत्तरे मिळाली. रायन नॉर्थ यांनी २००३ मध्ये ‘डायनोसॉर कॉमिक्स’ सुरू केले, ज्यात सहा चौकटींचे तेच चित्र दर हप्त्याला येते आणि फक्त संवाद बदलतात. चित्राचा खर्च एकदाच केला आणि मिटवला. २००५ मधल्या ‘एक्सकेसीडी’ने काडीच्या आकृत्या घेऊन आठवड्यातले तीन वार धरले. त्याच वर्षी ‘गर्ल जीनियस’ ही भरगच्च रंगीत मालिका छापील अंक सोडून वेबवर आली, तीही तीनच वारी. पण तिथे एका हप्त्यात एकच पान असे आणि उत्पन्नाचा भरवसा पुढे निघणाऱ्या छापील खंडांवर होता. वार तेच, पण पैसे पुस्तकाचे होते, म्हणून पानाचा दर्जा पुस्तकाचा राहिला. नवे पान आले की वाचकाला आपोआप कळवणारी आरएसएस फीडची सोय वापरात आल्यावर वाचकाला रोज फेरी मारायची गरज उरली नाही आणि अनियमित चित्रकारांना थोडा श्वास मिळाला. २०१३ मध्ये अशा फीड वाचण्याचा गूगल रीडर बंद पडला आणि वाचक समाजमाध्यमांच्या प्रवाहाकडे वळले, जिथे आठवडाभर गप्प बसलेला माणूस दिसेनासा होतो.

या सगळ्या वादात जपानमधल्या ‘वन’ या टोपणनावाच्या चित्रकाराचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांनी २००९ मध्ये ‘वन पंच मॅन’ स्वतःच वेबवर टाकायला सुरुवात केली. हात अगदी नवशिक्याचा, पात्रांच्या हाताची बोटेही धड नाहीत. कथा मात्र वाचकांना धरून ठेवणारी होती. ती वाचून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने २०१२ पासून तीच कथा नव्याने, कमालीच्या बारकाईने काढायला घेतली, आणि मूळ ओबडधोबड मालिकाही चालूच राहिली. एकाच कथेचा एक वेगवान मसुदा आणि एक संथ शुद्धप्रत अशी विभागणी इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

२०१३ मध्ये वाचकाने चित्रकाराला थेट पैसे देण्याचे पॅट्रिऑन हे संकेतस्थळ आले आणि प्रथमच माप बदलण्याची शक्यता निर्माण झाली. तिथेही सुरुवातीचा व्यवहार दर कृतीमागे पैसे असाच होता, म्हणजे पुन्हा वेगालाच बक्षीस. महिन्याच्या वर्गणीचा मार्ग रुळल्यावर वाचक पानाचे नव्हे, तर चित्रकाराच्या महिन्याचे पैसे देऊ लागला. दुसऱ्या टोकाला कोरियातल्या वेबटूनने माप अधिकच घट्ट केले. दाउम या तिथल्या संकेतस्थळाने २००३ मध्ये आणि नेव्हर या दुसऱ्याने २००४ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत कथा वरून खाली सरकते आणि प्रत्येक मालिकेला आठवड्याचा एक वार नेमून दिलेला असतो. एका हप्त्यात पन्नासाहून अधिक रंगीत चौकटी हे तिथे नवल नाही, त्यामुळे तयार त्रिमितीय खोल्या आणि रस्ते पार्श्वभूमीला वापरणे सर्रास झाले. २०१४ मध्ये ही सेवा इंग्रजीत आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर आपल्याकडचा वाचकही अंगठ्याने खाली सरकवत वाचू लागला. आज इथल्या चित्रकाराच्या डोळ्यांसमोर जो आदर्श असतो, तो या कारखान्याचा असतो, आणि त्याच्या टेबलाशी मात्र तो एकटाच बसलेला असतो.

एकट्या माणसासाठी जवळचा कित्ता आंबोली घाट उतरल्यावर सापडतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून पोथी करतात आणि एकेक चित्र समोर धरून, वाद्यांच्या साथीने कथा सांगतात. पोथी एकदा रंगवली की पिढ्यान्‌पिढ्या चालते. दर वेळी नवे असते ते सांगणे. आरती पार्थसारथी यांच्या ‘रॉयल एक्झिस्टेन्शियल्स’ने २०१४ मध्ये जुन्या लघुचित्रांवर आजचे संवाद चढवून जे केले, ते याच हिशेबातले आहे.

सीमाभागात या हिशेबात आणखी एक रकाना वाढतो, तो अक्षरांचा. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने तीच चित्रे ठेवून फुग्यांतली भाषा बदलली आणि वेताळ, म्हणजे फँटम, मराठीतही आला, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण इथला चित्रकार मराठी आणि कन्नड हे दोन्ही वाचक धरू पाहतो, आणि दोन्ही लिप्या रोमनपेक्षा जास्त उंची मागतात. देवनागरीत मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार वर जातात, उकार खाली येतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन खाली लटकते आणि प्रत्यय चिकटून शब्द इतका लांब होतो, की अरुंद फुग्यात तो तोडावा कुठे हे कळत नाही. एका छोट्या द्विभाषिक कथेचे अक्षरलेखन मी काही महिने केले आहे. मराठी मजकुराच्या मापाने काढलेले फुगे कन्नडला पुरेनात, म्हणून ते मोठे करावे लागले आणि एका पानावर नायिकेचा निम्मा चेहरा त्याखाली गेला. चित्रकाराने त्या चेहऱ्यावर एक अख्खी रात्र घालवली होती. त्यानंतर कच्च्या रेखाटनाच्या वेळीच दोन्ही भाषांचा मजकूर बसवून पाहायचा असा नियम झाला, आणि त्या नियमापायी प्रत्येक हप्त्याचा एक दिवस वाढला.

राहिला पैशाचा प्रश्न. इथे मराठी वेबकॉमिकला पैसे देणारा जवळजवळ कोणी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथला मराठी वाचक पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना लांबचा झाला आणि इथल्या बाजाराला तो थोडका पडतो. म्हणून चित्रकार उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी करतो, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचे डिझाइन करतो, शिवजयंतीच्या चित्ररथांचे आणि गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवतो. मोबदला नसल्यामुळे तो वेळापत्रकातून सुटला असे वरवर वाटेल, पण खरे वेळापत्रक आता या दुसऱ्या कामांचे असते. वैशाखात लग्ने आणि शिवजयंतीची मिरवणूक, भाद्रपदाआधी महिनाभर मंडपांची कामे. या दिवसांत हप्ता चुकतो किंवा चित्राच्या मागची भिंत कोरी राहते. मधला आषाढ मोकळा असतो. लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, पाऊस लागलेला असतो, छापखान्यात गर्दी नसते. त्या चार आठवड्यांत आठ-दहा पाने पुढची काढून ठेवली, तर ती गणपती उठेपर्यंत पुरतात, आणि त्यांतल्या भिंतींवर खिडक्या, दिनदर्शिका आणि पावसाची ओलही दिसते.