मदरबोर्ड गेला, विंडोज राहिलं का? ओईएम आणि रिटेल लायसन्समधली गल्लत

पावसाळा लागला, दोन-चारदा वीज जाऊन आली की ठाण्यापासून वाशीपर्यंतच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर मशीनांची रांग लागते. निदान बहुतेक वेळा दोन शब्दांत मिळतं, "बोर्ड गेला." बोर्ड बदलतात, मशीन सुरू होतं, फाइल्सही जागच्या जागी असतात. मग दोन-चार दिवसांत स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं येतात, ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’. ग्राहक म्हणतो, माझं विंडोज ओरिजिनल होतं, पैसे मोजले होते. दुकानदार म्हणतो, काका, नवीन की, म्हणजे विंडोज चालू करणारा कोड, घ्यावी लागेल. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात.

ओरिजिनल विंडोज एकाच प्रकारचं असतं, असं आपण धरून चालतो. घरगुती वापरात ते दोन प्रकारांनी विकलं जातं, ओईएम (मशीनसोबतच येणारं) आणि रिटेल (वेगळं विकत घेतलेलं). वापरताना दोन्हींत काडीचाही फरक जाणवत नाही. तोच डेस्कटॉप, तीच अपडेट्स. फरक पडतो तो मदरबोर्ड बदलल्यावर. आरसी बुक आणि ड्रायव्हिंग लायसन्स दोन्ही आरटीओच देतं, पण एमएच-०४ची गाडी भंगारात काढली की तिचं आरसी बुक नव्या गाडीला लावता येत नाही. तुमचं लायसन्स मात्र खिशातच राहतं. ओईएम म्हणजे आरसी बुक, रिटेल म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स.

आधी ओईएम, कारण बहुतेक घरांत तेच असतं. कंपनीचा लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉप घेतला तर विंडोज सोबतच येतं आणि ते ओईएम असतं. विंडोज ७च्या काळात डब्याच्या कडेला किंवा लॅपटॉपच्या पोटाशी २५ अक्षरांच्या कीचा स्टिकर असायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या ती की थेट मदरबोर्डवरच्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) चिपमध्ये लिहितात. म्हणूनच लॅपटॉप फॉरमॅट केला तरी विंडोज की न विचारता अ‍ॅक्टिव्हेट होतं. आणि म्हणूनच जुना बोर्ड भंगारात गेला तर ही कीसुद्धा त्याच्यासोबत जाते.

मायक्रोसॉफ्टचा नियम इथे बराच स्पष्ट आहे. ओईएम विंडोज असलेल्या मशीनमध्ये रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, हवं ते बदला. मदरबोर्ड बदलला तर प्रश्न उरतो, का बदलला? बिघडला म्हणून त्याच मॉडेलचा, किंवा उत्पादकाने त्याच्या जागी ठरवलेला समतुल्य बोर्ड बसवला, तर लायसन्स चालू राहतं. वेग वाढवायचा म्हणून चांगला बोर्ड बसवला, तर कागदोपत्री ते नवं मशीन होतं आणि जुनं ओईएम लायसन्स तिकडे नेता येत नाही. कॅबिनेट, हार्ड डिस्क, कीबोर्ड सगळं जुनंच आहे, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

यात मधला एक भाग फार कमी लोकांना माहीत असतो. दुकानातून असेंबल करून घेतलेल्या पीसीवरही ओईएम विंडोज असू शकतं, आणि अशा वेळी ज्याने मशीन बांधलं तो दुकानदारच उत्पादक ठरतो. विंडोजच्या सपोर्टची जबाबदारीही कराराने त्याच्याकडेच जाते. म्हणजे ‘समतुल्य बोर्ड कोणता’ हे ठरवणारा माणूस स्टेशनजवळच्या गाळ्यात बसलेला असतो, आणि बहुधा त्याला स्वतःला हे ठाऊक नसतं. पाच-सहा वर्षं जुना बोर्ड तसाच्या तसा मिळणं कठीण, हे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चक्कर मारलेला कुणीही सांगेल. तेव्हा त्याच सॉकेटचा, तोच प्रोसेसर आणि तीच रॅम चालवणारा बोर्ड बसवून घेतला तर तो प्रामाणिकपणे दुरुस्ती म्हणता येतो. प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागली, तर त्याला दुरुस्ती म्हणणं जरा ओढूनताणून होतं. काहीही असो, बिलावर ‘बोर्ड नादुरुस्त असल्याने बदलला’ असं, जुन्या-नव्या बोर्डाच्या सीरियल नंबरसकट लिहून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोलायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं.

लॅपटॉप अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिला असेल तर एकच गोष्ट विचारा: नव्या बोर्डावर विंडोजची की लिहिलेली येते का? सुटा बोर्ड कीसकट किंवा कीविना, दोन्ही तऱ्हेने येऊ शकतो. मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच सेटिंग्जमधलं अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. नंतरच्या फेऱ्या वाचतात.

रिटेलचं प्रकरण त्यामानाने साधं आहे. ते तुम्ही वेगळे पैसे देऊन घेतलेलं असतं, डब्यातून किंवा ऑनलाइन. बोर्ड बिघडला म्हणून बदला नाहीतर हौस म्हणून, लायसन्स तुमच्यासोबत येतं. अट एवढीच की ते एका वेळी एकाच मशीनवर असावं; जुनं मशीन चालू असेल तर तिथून ते काढायचं. एडिशनही जुळली पाहिजे. होमच्या लायसन्सवर प्रो अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, आणि घाईत चुकीची एडिशन टाकणारे दुकानदार कमी नाहीत.

आपल्याकडे यातलं काय आहे, ते कसं कळणार? विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एसएलएमजीआर, मग एक जागा, तिरकी रेघ आणि डीएलआय अशी इंग्रजी अक्षरं (slmgr /dli) टाइप करा. छोटी खिडकी येते, तिच्यात ‘ओईएम’ किंवा ‘रिटेल’ लिहिलेलं असतं. घरच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ दिसलं तर समजायचं की फॉरमॅट मारून देताना दुकानदाराने बहुधा क्रॅक (चोरीचं अ‍ॅक्टिव्हेशन) टाकलेला आहे. हे व्हॉल्यूम लायसन्स मुळात मोठ्या संस्थांसाठी असतं आणि दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून त्याचं नूतनीकरण व्हावं लागतं. ऐरोली किंवा महापेच्या ऑफिसातून मिळालेल्या लॅपटॉपवर हेच शब्द दिसणं अगदी रीतसर आहे, तिथे बोर्डाची काळजी आयटीवाल्यांनी करायची.

पण या खिडकीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकटात १० वर आलेल्या मशीनवर ती बिनदिक्कत ‘रिटेल’ म्हणते. त्या अपग्रेडमध्ये सगळ्यांना एकच सामायिक की बसायची आणि खरा हक्क त्या हार्डवेअरच्या नावाने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदला जायचा. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. होमवर ती ८एचव्हीएक्स७ किंवा प्रोवर ३व्ही६६टी असतील, तर ती सामायिक की आहे आणि ‘रिटेल’ या शब्दाला काही अर्थ नाही. तुमचं मूळ विंडोज ७ लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर हेही ओईएमच. जुनी ७ची की टाकून नव्या बोर्डावर विंडोज चालू करायची पळवाट पूर्वी चालायची. ती बंद केल्याचं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं.

डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडण्याची सोय ऑगस्ट २०१६च्या अपडेटपासून आहे. बोर्ड बदलल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरून ट्रबलशूटर चालवायचा, ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा, त्याच अकाउंटने लॉगिन करायचं आणि यादीतून आपलं मशीन निवडायचं. रिटेलवाल्यांसाठी हा राजमार्ग. काही वेळा ओईएमवाल्यांचंही काम यातून होऊन जातं, आणि मग ‘बघा, ओईएमसुद्धा हलवता येतं’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. सर्व्हरने स्वीकारणं वेगळं आणि कराराने परवानगी असणं वेगळं. घरच्या पीसीला कुणी जाब विचारायला येत नाही, पण नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात दहा मशीनं असतील तर हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

पाचशे रुपयांत ‘लाइफटाइम की’ विकणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यातल्या पुष्कळशा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम की किंवा दुसऱ्या मशीनच्या ओईएम की असतात. आज चालते, उद्या ब्लॉक होते, आणि बोर्ड बदलल्यावर ती पुन्हा चालेलच असं विकणाराही सांगू शकत नाही.

बोर्ड पूर्ण मेलेला नसेल, मशीन अडखळत का होईना सुरू होत असेल, तर स्क्रू काढण्याआधी दोन कामं उरकून घ्या. एक, विंडोज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. दुसरं काम लायसन्सचं नाही, पण त्याहून महत्त्वाचं आहे: बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मिळवून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर, होम एडिशनवरसुद्धा, ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो आणि त्याचं कुलूप जुन्या बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या भागाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोज ती की मागतं. लायसन्स नसेल तर कोपऱ्यात चार अक्षरं दिसतात आणि वॉलपेपर बदलता येत नाही, काम चालू राहतं. ही की नसेल तर डेटा गेला. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली सापडते. कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको.

राहता राहिला पैशांचा हिशोब. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनसाठी जुनाच बोर्ड शोधून ओईएम वाचवण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम नवं घेणार असाल तर दुकानदाराकडून कोटेशन घेतानाच विंडोजची ओळ वेगळी लिहायला सांगा, आणि ती ओईएमची आहे की रिटेलची हेही. दर दोन-तीन वर्षांनी बोर्ड बदलायची हौस असेल तर रिटेलला जास्त पैसे मोजणं परवडतं. बँकेचं काम, मुलांचा अभ्यास आणि यूट्यूब एवढ्यासाठीच पीसी असेल आणि पुढची सात-आठ वर्षं तो उघडायचा नसेल, तर ओईएम पुरेसं आहे.