इंजिन कंपनीचं, नळी गावची: कोकणातल्या होड्यांच्या धुराड्याची पार्श्वभूमी

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि थोड्याच दिवसांत मिरकरवाडा, हर्णै, देवगड इथल्या होड्या शाकारून पडतात. या दोन महिन्यांत इंजिनाचं सगळं अंग मोकळं होतं. इंजेक्टर तपासायला जातात, गिअरबॉक्स उघडतो, शाफ्ट आणि पंखा उतरतो. धुराच्या नळीची आठवण होते ती सगळ्यात शेवटी, जुलै संपता संपता. वेल्डिंगवाला येतो, भोकावर पत्र्याचा तुकडा डकवतो, वरून चंदेरी रंग मारला जातो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होडी निघते ती तीच नळी घेऊन.

ही नळी इतकी दुर्लक्षित का राहिली, याचं कारण मला तिच्या इतिहासात दिसतं. इंजिन आपल्याकडे कारखान्यातून आलं, छापील पुस्तकासह आलं. नळी मात्र पहिल्या दिवसापासून गावातच बनली. तिचं पुस्तक कोणी लिहिलं नाही.

कोकणी माणसाने यंत्राचा धूर समुद्रावर प्रथम पाहिला तो आगबोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट बंदरं घेत घेत गोव्याकडे जायची, आणि बोट दिसण्याआधी क्षितिजावर तिचा धूर दिसायचा. ते उंच धुराडं शोभेसाठी नव्हतं. बॉयलरखालच्या कोळशाला हवा लागते, आणि उंच धुराड्यात तापलेला वायू वर चढला की खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. घरातल्या चुलीच्या धुराड्याचा न्याय तोच. धुराडं जितकं उंच, तितका ओढा जास्त.

डिझेल इंजिनाने हा न्याय उलटा केला. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाचणीत यशस्वी ठरलं. त्यात हवा पिस्टन आत घेतो आणि जळालेला वायूही पिस्टनच बाहेर ढकलतो. धुराड्याच्या ओढ्याची त्याला गरज नाही. १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेलं ‘सेलांडिया’ हे मोठं डिझेल जहाज बँकॉकच्या सफरीला निघालं तेव्हा त्याला धुराडंच नव्हतं. इंजिनाचा वायू मागच्या डोलकाठीतून वर सोडला होता. आगबोटी बघायची सवय झालेल्या लोकांना ते जहाज अपुरं वाटलं असेल, पण तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. डिझेलला वाट मोकळी हवी. नळीची लांबी, प्रत्येक वळण, आतली काजळी यांतलं काहीही वाढलं की पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो.

हा फरक आपल्याकडे अजून पुरता रुजलेला नाही. ‘नळी आणखी उंच केली की इंजिन मोकळं होईल’ असं आजही बंदरावर ऐकू येतं. ती आगबोटीची आठवण आहे. नळी उंच करण्याला कारणं जरूर आहेत, धूर खलाशांच्या तोंडावर येऊ नये हे मोठं कारण आहे. पण इंजिन त्याने मोकळं होत नाही.

स्वातंत्र्यानंतर होड्यांमध्ये इंजिनं बसवण्याच्या कामाला वेग आला. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होऊन केरळात नव्या पद्धतीच्या होड्या आणि इंजिनं आली. मुंबईच्या बाजूला परिस्थिती वेगळी होती. सातपाटी, वर्सोवा इथली शिडाची गलबतं मुळातच मोठी आणि भक्कम होती. थोडा फेरफार केला की त्यांच्या पोटात इंजिन बसायचं. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ पासून उभी होती, त्यामुळे देशी इंजिनंही मिळू लागली. पण शिडाची होडी बांधणाऱ्या सुताराच्या हिशेबात धुराच्या नळीला जागा कधीच नव्हती. मासळीची जागा, जाळ्याची जागा, परबाणाचा (शीड ज्याला बांधतात त्या आडव्या लाकडाचा) फेरा, सगळं ठरलेलं. नळीला जिथे फट मिळाली तिथून ती वर निघाली.

पुढे ट्रॉलिंग, म्हणजे होडीमागे जाळं ओढत करायची मासेमारी, वाढलं, जास्त ताकद लागू लागली आणि ट्रकची इंजिनं समुद्रासाठी फिरवून घेतली जाऊ लागली. लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन कोकणच्या धक्क्यांवर घरच्यासारखं झालं, कारण त्याचा सुटा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि त्याला हात लावणारा मिस्त्रीही मिळतो. निर्णय शहाणपणाचाच होता. समुद्रासाठी त्याला उष्णता बदलणारी टाकी, खाऱ्या पाण्याचा पंप, वेगळा गिअरबॉक्स लागला आणि ते सगळं तयार मिळालं. सायलेन्सर आणि नळीचा विचार मात्र ट्रकचाच राहिला. ट्रकची नळी चासीखालून जाते, धावत्या गाडीचा वारा तिला थंड ठेवतो, आजूबाजूला सगळं लोखंड. होडीत तीच नळी बंद खोलीत, लाकडाला किंवा फायबरला खेटून, वाऱ्याविना बारा-बारा तास तापते. पूर्ण भारावर डिझेलचा वायू ४०० ते ५५० अंश सेल्सियसपर्यंत जातो.

माझ्या काकांच्या ट्रॉलरवर नळी डेकमधून जिथे वर जायची तिथली फळी एका बंदीत काढली, तेव्हा ती हातात कोळशासारखी भुगा झाली. आग लागली नव्हती. नुसती उष्णता वर्षानुवर्षं तिच्यात मुरली होती. असं भाजलेलं लाकूड नेहमीपेक्षा कमी तापमानाला पेटतं. तेव्हापासून डेकमधून जाणारी नळी मी आधी बघतो: तिच्याभोवती दुसरी मोठी नळी आहे का, दोन्हींच्या मध्ये हवेची फट आहे का, आणि वरून उष्णतारोधक गुंडाळलं आहे का. पूर्वी सर्रास ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि कर्करोगापर्यंत नेतात. जुनी दोरी सुकी ओरबाडू नये, ओली करून, बारीक तंतू अडवणारा मास्क लावून काढावी. तिच्या जागी काचतंतूची किंवा सिरॅमिकची पट्टी घालावी.

तरीही आपल्या लोकांनी कोरडी, उभी नळी निवडली, आणि त्यामागचं व्यवहारज्ञान मला मोलाचं वाटतं. बाहेरच्या देशांतल्या हौशी बोटींवर ओल्या पद्धतीची चाल आहे: इंजिनातून वायू बाहेर पडताच एल्बोमध्ये, म्हणजे नळीच्या वाकणात, त्यात खारं पाणी सोडायचं, वायू एकदम थंड होतो आणि मग साध्या रबरी होजमधून तो पाण्यासकट मागे पाण्यालगत सोडता येतो. आवाज कमी, उष्णता कमी, धूर मागे. पण आपली होडी खाडीत ओहोटीला चिखलावर बसते, एका अंगावर कलते. भरती चढू लागली की कललेल्या बाजूचं भोक होडी उचलली जाण्याआधीच पाण्याखाली जातं, चिखलाने बुजतं ते वेगळंच. उत्तर कोकणात, जिथे भरती-ओहोटीतला फरक मोठा, तिथे हे रोजचं. उभ्या नळीला यातलं काही बाधत नाही. तिला भीती पावसाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उघड्या तोंडाच्या नळीतून ते पाणी उघड्या व्हॉल्व्हवाटे थेट सिलिंडरमध्ये उतरू शकतं. म्हणून शाकारताना नळीच्या तोंडावर डबा उपडा घालतात. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायला एक प्लगही हवा. तो मला फार थोड्या होड्यांवर दिसला.

ओली पद्धत कोकणात आली ती पर्यटनाच्या बोटींबरोबर. तारकर्ली-मालवणच्या पाण्यात आज आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचा, आवाज दिवसभर असतो. आउटबोर्डमध्ये थंड करणारं खारं पाणी आणि धूर शेवटी एकाच वाटेने बाहेर पडतात, म्हणून दिवस संपल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुणं हेच त्याच्या धुराच्या वाटेचंही देखभालकाम. आतल्या इंजिनावर ओली पद्धत असेल तर एल्बोवर डोळा ठेवावा लागतो. गरम वायू, खारं पाणी आणि डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल अशी तिन्ही माणसं त्या एका वाकणात भेटतात. तो आतून कुजतो आणि काजळीने अरुंदही होतो. बाहेरून रंग चकचकीत, आत हाताचं बोट जाईल एवढीच वाट. एल्बो पाण्याच्या पातळीपेक्षा पुरेसा उंच नसेल तर सायफनने समुद्र इंजिनात येतो. त्यासाठी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो मिठाने अडकला की असून नसल्यासारखा. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत राहणं ओल्या पद्धतीत महागात पडतं. पंपाने ढकललेलं पाणी बाहेर फेकायला धूर नसतो, ते साचून मागे सिलिंडरमध्ये शिरतं. अशा वेळी समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद करावा, आणि इंजिन लागताच लगेच उघडावा.

होज घेताना बाजारात दिसायला सारख्याच काळ्या नळ्या असतात. एक्झॉस्टसाठीच्या होजवर एसएई जे२००६ या मानकाचा छाप शोधावा. पाणी पूर्ण बंद पडलं तरी पूर्ण भारावर दोन मिनिटं ती टिकली पाहिजे, अशी त्या मानकाची अट आहे. ती दोन मिनिटं इंजिन बंद करायला मिळतात. पाणी खेचायच्या साध्या होजला ती मिळत नाहीत.

कोरड्या नळीच्या बाबतीत निवड धातूची. गावात सहज मिळतो तो जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप. त्यावरचं जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे मॅनिफोल्डजवळ, जिथे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथे, ते टिकणारच नाही. शिवाय जस्त चढवलेला पाइप वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. काळा पाइप घ्यावा, आणि त्यावरचा पट्टा बघावा: निळा म्हणजे बी क्लास, लाल म्हणजे सी क्लास. सी क्लास जाड, जास्त वर्षं गंज सोसतो, पण वजनदार. ते वजन मॅनिफोल्डवर लटकवलं तर मॅनिफोल्ड तडकतं, त्याला डेकपासून स्वतंत्र आधार द्यावा लागतो. स्टेनलेसची ओढ सगळ्यांना आहे. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं स्टेनलेस खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगलं टिकतं हे खरं. पण गरम आणि मीठ चढलेल्या जागी, विशेषतः वेल्डच्या काठाला, दोघांनाही बारीक भेगा जातात, आणि ते बाहेरून कळत नाही. गंजणारं लोखंड निदान गंजून दाखवतं. मला विचाराल तर मासेमारीच्या होडीला जाड काळा पाइप आणि दर बंदीत हातोडीने ठोकून तपासणी, हे पैशाला जास्त पुरतं.

तापली की नळी लांबते हेही विसरलं जातं. दोन मीटर लोखंडी नळी चारशे अंशांनी तापली तर जवळपास एक सेंटिमीटर वाढते, स्टेनलेसची त्याहून जास्त. दोन्ही टोकं घट्ट असतील तर ती वाढ फ्लँज (जोडाची चकती) आणि तिच्यातल्या गॅस्केटवर निघते. म्हणून मॅनिफोल्डनंतर लगेच बेलो, म्हणजे चुण्यांचा लवचीक जोड, हवा. ‘दर महिन्याला गॅस्केट जातं’ ही तक्रार खूप वेळा बेलो नसल्याची असते.

गेलेल्या गॅस्केटमधून येणारा वायू जिवावर बेतू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि नवा खलाशी असेल तर सगळे म्हणतात, त्याला बोट लागली. केबिनमध्ये दोघा-तिघांना एकाच वेळी असं झालं तर आधी दार उघडावं, त्यांना वाऱ्यावर आणावं, इंजिन बंद करावं आणि जोडांवरची काजळी बघावी. गळतीच्या जागी काळा माग उमटलेला असतो.

नळीच्या व्यासाबद्दल मात्र तडजोड नको. वायूचा अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. तीन इंचाच्या जागी अडीच इंची नळी घातली तर अडथळा जवळपास अडीचपट होतो. जागा नाही, पाइप शिल्लक आहे, अशा कारणांनी ही अदलाबदल होते, आणि मग काळा धूर, तापलेलं इंजिन, वाढलेलं डिझेल यांचं खापर पंपावर आणि इंजेक्टरवर फुटतं.

आपल्या नळीत अडथळा किती आहे हे मोजता येतं, आणि ते साधन प्रत्येक गवंड्याकडे असतं. लेव्हल बघायची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधायची, अर्ध्यापर्यंत पाणी भरायचं. मॅनिफोल्डनंतरच्या सरळ भागात छोटं भोक पाडून त्याला मीटरभर तांब्याची बारीक नळी जोडायची, म्हणजे प्लास्टिक वितळत नाही. होडी पूर्ण भारावर चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक सेंटिमीटरमध्ये वाचायचा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक मिलिबार. इंजिनाच्या पुस्तकात एक्झॉस्टच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. वाचलेला आकडा तिच्याशेजारी पेन्सिलीने, तारीख घालून लिहायचा. पुढच्या वर्षी बंदी उठल्यावर पुन्हा मोजायचं. आकडा वाढला असेल तर नळी खोलून काजळी काढायची वेळ झाली आहे.