इनकमिंग ब्लॉक (ठराविक मेल आयडींवर)

कंपनीच्या ठराविक मेल आयडींवर बाहेरून आलेला मेल सर्व्हरनेच न घेणं म्हणजे इनकमिंग ब्लॉक. मुंबईतल्या ऑफिसांत याला कोणी एवढं मोठं नाव देत नाही, "त्या आयडीवर बाहेरचा मेल बंद केलाय" एवढंच म्हणतात. मेल कोणाला आलाय ते बघून हा ब्लॉक लागतो. कोणाकडून आलाय किंवा आत काय लिहिलंय ते बघतो तो स्पॅम फिल्टर, आणि या दोन्हींची गल्लत सर्रास होते. सगळ्या स्टाफला एकदम जाणारा ग्रुप आयडी, स्कॅनर किंवा बॅकअपच्या रिपोर्टसाठी काढलेला आयडी, नोकरी सोडून गेलेल्याचा आयडी, ही नेहमीची ठिकाणं.

याची सुरुवात कधी धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट ऑगस्ट 1982 पर्यंत मागे जातात, कारण जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी 821 मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे ठरलेले नियम मांडणारा दस्तऐवज) पाठवणारा सर्व्हर 'आरसीपीटी' म्हणून मेल ज्याला जायचा त्याचा पत्ता सांगतो आणि घेणारा 550 हा कोड देऊन नकार देऊ शकतो अशी सोय आहे. पण त्या 550 चा अर्थ मुख्यतः "पेटी (मेलबॉक्स) मिळत नाही" असा होता, आणि पेटी आहे पण तुमच्यासाठी नाही ही गोष्ट वेगळी पडते. म्हणून 1996 च्या सुमाराचं सेंडमेल (मेल सर्व्हरचा प्रोग्राम) 8.8, ज्यात पत्ता तपासायचा वेगळा नियमसंच आला, आणि मग 1998 चं 8.9, ज्यात साध्या अॅक्सेस फाइलमध्ये पत्ता लिहून तो बंद करता येऊ लागला, तिथून सुरुवात धरणं जास्त पटतं. मुंबईत 1986-87 च्या आसपास जुहूची एनसीएसटी (संगणक संशोधन संस्था) आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनलाइनवरून मेल चालायचा, तेव्हा समोरचा माणूस ओळखीचाच असायचा, त्यामुळे असं काही लागत नसावं. तेव्हाच्या सरकारी टेलिकॉम कंपनी व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि कंपन्यांचे स्वतःचे डोमेन त्यानंतर वाढत गेले.

खरा वाद आहे तो मेल कुठे अडवायचा यावर. 1998 चं क्यूमेल 1.03 (हाही मेल सर्व्हरचा प्रोग्राम) मूळ रूपात आपल्या डोमेनचा मेल आधी घ्यायचं आणि पेटी नसेल तर मागाहून परत पाठवायचं; पण स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक खोटा असतो, त्यामुळे परतीचा मेल भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो, याला बॅकस्कॅटर म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे मेल घेऊन गुपचूप टाकून देणं, आणि हा सगळ्यात वाईट, कारण पाठवणाऱ्याला वाटत राहतं की मेल पोचला. दारातच, आरसीपीटीच्या पायरीवर नाही म्हणणं हाच सरळ मार्ग: मेलचा मजकूर यायच्या आधीच बोलणं संपतं आणि कारण पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तिथल्या तिथे कळतं.

नकाराबरोबर जाणारा कोडही बघावा. 5.1.1 म्हणजे असा पत्ताच नाही, 5.7.1 म्हणजे पत्ता आहे पण तुम्हाला परवानगी नाही. पत्ता आहे हे बाहेर कळू नये म्हणून काही आयटीवाले मुद्दाम 5.1.1 देतात, पण आत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने 5.7.1 बरा. पावसात लोकल बंद पडल्या की हे लक्षात येतं: अॅडमिनची बाई डोंबिवलीत घरी अडकलेली, ऑफिसचा व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागत नाही, म्हणून त्या स्वतःच्या जीमेलवरून स्टाफच्या ग्रुपवर "आज येऊ नका" पाठवतात, आणि मिनिटभरात मेल परत. 5.7.1 दिसला तर आयटीला फोन करून काम होतं, 5.1.1 दिसला तर बिचाऱ्या स्पेलिंग तपासत बसतात.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये हे रिसिपियंट अॅक्सेसची फाइल (कोणत्या पत्त्याला कोणता नियम ते लिहिलेली यादी) आणि रिस्ट्रिक्शन क्लास (नाव दिलेला नियमांचा संच) वापरून करतात. नुसता पाठवणाऱ्याचा पत्ता बघून सोडलं तर ते खोटा पत्ता लावून सहज चुकवता येतं, म्हणून लॉगिन केलेल्यालाच किंवा आतल्या आयपीवरूनच सोडावं. बॅकअप एमएक्सवरही (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) तोच नियम हवा, नाहीतर मेल मागच्या दाराने आत येतो, आणि ही चूक फार होते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज मेल सर्व्हरमध्ये 2007 पासून नवीन डिस्ट्रिब्युशन ग्रुप (अनेकांना एकदम मेल जाणारा आयडी) बाहेरच्यांसाठी बंदच निघतो.

काही आयडी बंद करायचे नसतात. पोस्टमास्टर (मेलच्या अडचणी कळवायचा पत्ता) उघडा ठेवणं आरएफसी 5321 प्रमाणे बंधनकारक आहे, अब्यूज (गैरवापराच्या तक्रारींसाठी) हा 1997 च्या आरएफसी 2142 मधला ठरलेला पत्ता. लिस्टेड कंपनीला सेबीच्या नियमांनुसार तक्रारींसाठीचा ईमेल वेबसाइटवर द्यावाच लागतो, तोच चुकून ब्लॉकच्या यादीत गेला तर गुंतवणूकदाराची तक्रार दारातूनच परत जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) 180 दिवस ठेवायचे असतात, त्यात नाकारलेल्या मेलच्या ओळीही ठेवाव्यात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर ब्लॉक टाकायच्या आधी त्या आयडीवर कोणत्या बँकेचे, कोणत्या व्हेंडरचे मेल येतात ते याच लॉगमध्ये बघून घ्यावं.